आत्या नाशकात असताना हॉटेल

आमच्या खानदानात नाशिकला जाऊन हॉटेलात कुणी उतरत नाही. गरजच पडत नाही, कारण पंचवटीत आत्या आहे. आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. त्र्यंबकचं दर्शन असो, वणीची यात्रा असो, कुणाचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा, कुणाला मुलगी बघायची असो, माणूस मनमाडहून निघालं की थेट आत्याकडे. पप्पा रेल्वेत आहेत, पार्सल ऑफिसात, त्यामुळे आमच्या घरात उपमासुद्धा रेल्वेच्याच. मी आत्याच्या घराला स्टेशनातली रिटायरिंग रूम म्हणते. फरक एवढाच, की रिटायरिंग रूममध्ये आईला पोळ्या लाटाव्या लागल्या नसत्या.

कारण भावजय नणंदेच्या घरी नुसती बसत नाही. आई दारात चप्पल काढते, पाणी पिते आणि पदर खोचून सरळ आत जाते. आत्या म्हणते, "अगं बस की जरा, आत्ताच आलीस." आई म्हणते, "असू द्या अक्का, तेवढाच हातभार." हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की दोघींच्या आवाजात एकटी करून दाखवते. नकला हा माझा शाळेपासूनचा धंदा. नववीत असताना मी खिडकीमागून मुख्याध्यापकांच्या आवाजात आमच्या वर्गाला सुट्टी दिली होती आणि वर्ग खरंच घरी गेला होता. पुढचं सांगत नाही.

तर गेल्या हिवाळ्यात पप्पा जेवताना म्हणाले, "तुझी पन्नाशी झाली. काय पाहिजे ते माग." पप्पांना वाटलं साडी मागेल.

आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "नाशिकला जाऊ. शनिवार-रविवार."

"एवढंच? आत्ता अक्काला फोन करतो."

"अक्कांकडं नाही. हॉटेलात."

पप्पांचा घास हातातच राहिला. आईनं गॅस बारीक केला आणि आमच्याकडं वळली. "मला देव नको, मॉल नको, काही नको. एक दिवस सकाळी मी झोपेतून उठावं आणि कुणीतरी चहा माझ्या हातात द्यावा. आणि तो माणूस माझ्या ओळखीचा नसावा."

"ओळखीचा का नको?" मी विचारलं.

"ओळखीचा असला की विचारावं लागतं, तू घेतलास का? मग त्याच्यासाठी ठेवायला उठावं लागतं."

बास. त्या मिनिटाला मी ठरवलं की हा चहा आईला मिळालाच पाहिजे. आणि आत्याला कळलं तर तो मिळणार नाही, हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं.

हॉटेल शोधायचं काम माझ्यावर आलं. पप्पांची एकच सूचना होती, नाशिकरोड स्टेशनच्या समोरचं बघ. का, तर परत यायला गाडी पकडायला बरं. जो माणूस आठवड्यातले सहा दिवस स्टेशनात घालवतो त्याला सुट्टीतही खिडकीतून फलाटच बघायचा होता. मी म्हटलं, "पप्पा, तिथं आईला चहा नाही, अनाउन्समेंट मिळेल." मला स्वतःला गंगापूर धरणाकडचं पाहिजे होतं, स्विमिंग पूलवालं. पोहता येत नाही, पण फोटो काढता येतात. आईला विचारलं तर म्हणाली, "कुठलंही बघ. फक्त खोलीतून कुणाचं स्वयंपाकघर दिसायला नको."

आता फोनमध्ये बघितलं तर सगळीच हॉटेलं सारखी. सगळ्यांच्या पांढऱ्या चादरी, सगळ्यांच्या पलंगावर टॉवेलचा हंस. चांगलं कुठलं हे कसं कळणार? मग मी माझी पद्धत काढली. प्रत्येक हॉटेलला तीन वेळा फोन लावायचा, तीन आवाजांत.

पहिला आवाज पुण्याच्या ऑफिसवाल्या मॅडमचा, नाकातला. "हाय, आमच्या डायरेक्टर सरांसाठी रूम हवी होती, व्ह्यू कसा आहे?" दुसरा देवळाली कॅम्पमधल्या फौजीच्या बायकोचा. "भैया, हमारे सास-ससुर आ रहे हैं, गरम पानी चौबीस घंटे है ना?" आणि तिसरा हरसूलकडच्या आजोबांचा. हा आवाज माझा खास. "हालो... पोरा, खोली हाय का रं एखांदी? म्हातारीला डोळं दाखवाया आणायचंय."

पहिल्या हॉटेलात मॅडमला तीन खोल्या रिकाम्या होत्या, कॅम्पवालीला एक होती आणि आजोबांना "फुल्ल आहे बाबा, पुढं बघा." दुसऱ्या हॉटेलनं आजोबांना विचारलं, "खोलीत स्टो पेटवणार नाही ना?" आजोबा इतके चिडले की मलाच त्यांना आवरावं लागलं. असं करत करत सातवं हॉटेल आलं, गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतलं, साधंच. तिथल्या माणसानं तिन्ही आवाजांना एकच उत्तर दिलं, एकाच चालीत. खोली आहे, बारा वाजता मिळेल, सकाळचा चहा खोलीत येतो. उलट आजोबांना त्यानं वर विचारलं, "आजींना जिना चढवेल ना? नाहीतर तळमजल्यावरची ठेवतो."

मी लगेच माझ्या खऱ्या आवाजात चौथा फोन केला आणि खोली बुक केली.

शनिवारी सकाळच्या गाडीनं निघालो. पप्पांनी गाडीत बसल्या बसल्या मोबाईल बंद केला. म्हणाले, "अक्काचा फोन आला तर मला खोटं बोलता येत नाही. ती 'कुठं आहेस' म्हणाली की मी सांगून टाकीन." हे खरंय. पप्पांना खोटं बोलता येत नाही आणि फॉर्म रिकामा सोडता येत नाही. या दोनच गोष्टींनी आमची वाट लागली.

हॉटेलच्या काउंटरवर तोच माणूस होता. चाळिशीचा, बारीक मिशीवाला, तोंडावर काही म्हणजे काही दिसत नाही. त्यानं बुकिंगवरचा माझा नंबर बघितला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "हरसूलचे आजोबा कधी पोचतायत? त्यांची खालची खोली ठेवलीय."

मी म्हटलं, "ते... त्यांचं रद्द झालं."

"आणि कॅम्पवाल्या मॅडमचे सासू-सासरे?"

"ते पण. आणि पुण्याचे डायरेक्टर सर पण."

"बरं," असं म्हणून त्यानं तीन ओळी खोडल्या आणि पप्पांपुढं फॉर्म सरकवला. आई तिकडं खोटं झाड खरं आहे का ते नखानं बघत होती.

पार्सल ऑफिसात रिकामा रकाना म्हणजे गुन्हा. पप्पांचं म्हणणं असं, की रकाना रिकामा सोडला की उद्या त्यात दुसराच कुणीतरी काहीतरी लिहितो. त्यांनी चष्मा लावला आणि टाचणीसारख्या अक्षरात सगळं भरलं. 'येण्याचे कारण' या रकान्याशी जरा थांबले आणि मग लिहिलं, 'पत्नीची इच्छा'. त्याच्या खाली होतं, 'नाशिकमधील परिचित व्यक्तीचा फोन'. हे कुणीच भरत नसणार. मी तोवर आईकडं झाडाशी गेले होते. नाहीतर हात धरला असता.

खोली चांगली होती. आईनं आत गेल्या गेल्या काय करावं? पलंगावरच्या टॉवेलच्या हंसाची घडी मोडली, नीट चौकोनी घातली, मग बाथरूममधला मग पालथा घातला आणि झाडू कुठं दिसतो का ते बघायला लागली. मी तिला ओढून खुर्चीवर बसवलं. "आई, तू पाहुणी आहेस."

"हो ना," ती म्हणाली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली, जशी डॉक्टरकडं बसते.

दुपारी आम्ही थाळी जेवायला बाहेर पडलो. जेवण झाल्यावर आई जरा सैल झाली. रिक्षातून येताना मला म्हणाली, "अक्कांना कळलं असतं तर काय म्हणाल्या असत्या गं?" मला काय, आयतं मिळालं. हॉटेलच्या पायऱ्या चढता चढता मी कमरेवर हात ठेवला, मान तिरकी केली आणि आत्याचा आवाज लावला. "वा रे वा! सख्खा भाऊ गावात येतो आणि लॉजवर उतरतो! का रे, माझं घर काय पुरात गेलं?"

आई हसून हसून रेलिंगला टेकली. आणि आतून, सोफ्यावरून, तोच आवाज पुढं बोलायला लागला.

"आणि लोकांना मी काय सांगू? जागा नव्हती म्हणून सांगू?"

आत्या बसली होती. मांडीवर पर्स, हातात पप्पांचा चष्मा.

झालं असं होतं, की पप्पा चष्मा काउंटरवरच विसरले होते. आम्ही जेवायला गेलेलो. मिशीवाल्यानं पप्पांना फोन लावला, तो बंद. मला लावला, तर माझा खोलीत चार्जिंगला. मग त्यानं फॉर्म बघितला. परिचित व्यक्तीचा नंबर होताच. त्यानं बिचाऱ्यानं अदबीनं फोन केला, "मॅडम, तुमच्या पाहुण्यांचा चष्मा राहिलाय आमच्या हॉटेलात." आत्या म्हणाली, "कुठल्या पाहुण्यांचा?"

"पप्पा, तुम्ही आत्याचा नंबर लिहिलात?" मी विचारलं.

"रकाना होता ना गं," पप्पा म्हणाले.

आम्ही चौघं मुकाट्यानं वर खोलीत गेलो. आत्यानं आधी पलंग दाबून बघितला, मग पडद्यामागं डोकावली, मग बसली. "लॉज चांगलाय."

"हॉटेल," मी म्हटलं.

"तू गप. तुझी नक्कल ऐकली मी. हात डाव्या कमरेवर ठेवतेस, मी उजव्या ठेवते." मग पप्पांकडं वळून म्हणाली, "चला. बॅगा घ्या. मी वरण लावून आलेय."

पप्पा खरंच बॅग उचलायला वाकले. मी आईकडं बघितलं. आई खुर्चीवर बसली होती, या वेळी पूर्ण मागं टेकून, आणि उठत नव्हती.

"अक्का," ती म्हणाली, "रागावू नका. तुमच्याकडं यायचं नव्हतं असं नाही. मला सकाळचा चहा करायचा नव्हता."

"मी करू दिला नसता!"

"दरवेळी तुम्ही असंच म्हणता. आणि दरवेळी मी करते."

मला एखादा आवाज काढून वातावरण हलकं करावंसं वाटत होतं, पण एकही आठवेना. आत्या खाली फरशीकडं बघत राहिली. मला वाटलं आता रडणार किंवा ओरडणार. पण ती हळूच बोलायला लागली, आणि हा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता.

"तुम्हाला सगळ्यांना नाशिक आहे. दोन दिवस जरा बदल पाहिजे, चला नाशिकला. मनमाडचे येतात, यांच्याकडचे येतात. मी कुठं जाऊ? मला कुठाय नाशिक?"

आत्यानं डोळे टिपले, नाक ओढलं आणि टेबलावरच्या फोनकडं बोट दाखवलं. "यावर सांगितलं की वर आणून देतात?"

"सकाळी तर सांगावं पण लागत नाही," आई म्हणाली. "आपोआप येतो."

"आपोआप," आत्या म्हणाली. तिनं तो शब्द तोंडात घोळवला.

"राहा ना," आई म्हणाली. "पलंग मोठाय."

"अगं, पण घरी हे एकटे..." आत्या बोलता बोलता थांबली. तिनं पप्पांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला पुढचं लगेच कळलं, पप्पांना जरा वेळ लागला.

"तुम्ही दोघं जा घरी," आत्या म्हणाली. "वरण झालंय, भात लावा. त्यांना सकाळी सहाला चहा लागतो, साखर निम्मी. पेपर आधी त्यांना द्यायचा, तू वाचायचा नाहीस."

"अगं अक्का, पण बुकिंग आमचं..."

"माझा नंबर आहे ना फॉर्मवर? मग झालं."

पंधरा मिनिटांत पप्पा आणि मी रिक्षात होतो, आमची बॅग मांडीवर घेऊन पंचवटीकडं. जाताना काउंटरवर मिशीवाल्यानं विचारलं, "काही प्रॉब्लेम?" पप्पा म्हणाले, "नाही, नाही. फक्त माणसं बदलली." त्यानं मान डोलवली आणि फॉर्ममध्ये काहीतरी दुरुस्त केलं.

रविवारी सकाळी सहाला आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, खुर्चीत पेपर घेऊन बसले होते आणि पप्पा स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं उघडत होते. आत्याच्या मांडणीवर बत्तीस स्टीलचे डबे आहेत, सगळे सारखे, एकावरही काही लिहिलेलं नाही. रेल्वेच्या माणसाला हे सहनच होत नव्हतं. "लेबल नाय, नंबर नाय, माल ओळखायचा कसा?" मेथ्या निघाल्या, ओवा निघाला, खसखस निघाली. बाहेरून आतोबा तिसऱ्यांदा खोकले. शेवटी पप्पांनी हॉटेलात फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अगं, चहापूड कुठल्या डब्यात असते?"

पलीकडून आत्याच्या हसण्याचा आवाज आला. मग दारावर टकटक, आणि कुणीतरी म्हणालं, "मॅडम, चहा. टेबलावर ठेवू?"

"नको," आई म्हणाली, "इकडं द्या." आणि फोन कट झाला.

पप्पांनी परत लावला. वाजत राहिला. मग त्यांनी मांडणीकडं बघितलं, बाह्या सरसावल्या आणि वरच्या रांगेपासून सुरुवात केली. एकोणिसाव्या डब्यात सापडली. चहा झाला, फार वाईट नाही. आतोबांनी एक घोट घेतला, पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "ही कधी येणारे?" आवाज असा, जसा चार महिन्यांपासून एकटेच राहतायत.

संध्याकाळी परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली होती. लासलगाव गेल्यावर मी विचारलंच. "आई, चहा कसा होता?"

"पाणचट," ती म्हणाली. "पावडरीचं दूध. आलं नाही, काही नाही. आणि कोमट."

"अरेरे. मग?"

"मग काय," आई म्हणाली, "दोनदा मागवला."