मधे काही नसलं म्हणजे

माणसं कशाला ना कशाला भितातच. कुणी सापाला भितो, कुणी साहेबाला, आणि माझ्यासारखी बेताची माणसं दोघांनाही. वणीचे आमचे साडूबुवा मात्र कशालाच भीत नसत. ते भीत फक्त 'काही नाही'ला. काही नसण्याची एवढी धास्ती घेतलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, हे यजमान. शाळेत विज्ञान शिकवत. एकदा नागपूरला आपल्या जुन्या प्राध्यापकांकडे गेले आणि तिथून ही काळजी घेऊन परतले. हॉलंडातल्या कुणा शास्त्रज्ञानं म्हणे गणितानं असं काढलं होतं, की हवासुद्धा काढून घेतलेल्या निव्वळ पोकळीत दोन गुळगुळीत चकत्या, केस जाड वाटावा इतक्या जवळ धरल्या, तर त्या आपण होऊन एकमेकींकडे ओढल्या जातात. लोहचुंबक नाही, वीज नाही, मधे काही म्हणता काही नाही, तरी. मी चहाच्या कपातून 'असं?' म्हणालो. तेवढ्यावर त्यांनी मला शिष्य करून टाकलं. "हे पाहा भाऊ, बाजाराच्या दिवशी दोन बैलबंड्या जवळजवळ उभ्या आहेत. मधल्या फटीत मावन तं एखादा हडकुळा माणूस. बाहेर सारी वणी रेटारेटी करून राह्यली. मंग बंड्या सरकतीन का नाही एकमेकीकडे? पोकळी रिकामी नसते. तिच्यात बारीक बारीक लाटा थरथरत असतात. फटीत थोड्या, बाहेर लई." मी मान डोलावली. न समजता मान डोलावण्यात आमच्या कचेरीत माझा हात कुणी धरत नसे.

मग त्यांच्या घरात दोन वस्तूंना शेजारी राहणं अवघड झालं. ताटावर ताट ठेवायचं तर मधे कागद. दोन आरसे समोरासमोर नाहीत. बसमध्ये शेजारच्या प्रवाशाच्या आणि आपल्या मधे ते छत्री उभी करून ठेवत, आणि प्रवासी आपला खिसा घट्ट धरून बसे. कोनाडा रिकामा दिसला की त्यात काहीतरी कोंबत. एकदा दोन काचेचे पेले एकात एक अडकून बसले, तर ते नाचवत स्वयंपाकघरात आले. "पाहा, ओढ." अक्कानं चुलीवरून मान न उचलता म्हटलं, "बेबे, तुह्या बाबाले सांग, दुधाचे पेले नीट इसळले नाही तं चिकटतेच."

बेबी ही त्यांची एकुलती एक मुलगी, आणि त्या घरातली बोलण्याची एकमेव वाट. सासू होती तोवर अक्कानं मोठ्यांसमोर नवऱ्याशी बोलणं शिष्टाचारात बसत नव्हतं. म्हणून सगळं पाळण्यातल्या बेबीला सांगायचं. सासू गेली, बेबी मॅट्रिक झाली, वाट तीच राहिली. "बेबे, बाबाले सांग, पाणी काढलं." "बेबे, आईले सांग, आलो." दोघं एकाच खोलीत, मधे बेबी पुस्तकात डोकं घालून. ती काही सांगत नसे, नुसतं 'हं' करी, आणि निरोप पोचे. उन्हाळ्याच्या सुटीत साडूबुवा बंद खोलीची पोकळी तपासत हिंडू लागले, तेव्हा अक्काचा निरोप आला, "बेबे, बाबाले सांग, रिकाम्या माणसालेच रिकाम्या जागेची चिंता असते."

आणि पुसदचं स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं चांगली, नाही म्हणायला जागाच नाही. घर आनंदात, आणि साडूबुवांनी बाजारातून एक लोखंडी पेटी आणली. मग एक कपाट. मग मधल्या खोलीत, जिथं बेबी बसायची, तिथं त्यांनी सरकीची पोती रचून घेतली. घरात ढोर ना वासरू. मी गेलो तेव्हा ते एका पोत्यावर बसले होते.

"सरकी कायले?" मी विचारलं.

"खोली खाली नको राहाले."

"पण ओढ असते म्हणता ना? मग भीती कसली?"

त्यांनी पोत्याची सुतळी चाचपली. "गणितानं निघते. मोजाले गेलते काही जण. धड मोजता नाही आली म्हणतात. इतकी बारीक." मग हळूच म्हणाले, "आन नसलीच तं, भाऊ?"

तेव्हा कुठं मला कळलं, की हा माणूस इतके दिवस चकत्यांविषयी बोलत नव्हता.

लग्नात अंतरपाट दूर झाला. सगळ्यांनी अक्षता टाकल्या. साडूबुवा मूठ तशीच मिटून मांडवाच्या पलीकडे अक्काकडे पाहत राहिले. परीक्षेत पहिलाच प्रश्न न येणाऱ्या मुलाचा चेहरा असतो, तसा त्यांचा होता.

पुढं काही दिवसांनी बायकोनं मला वणीला पिटाळलं. "दोघं जेवतात तरी का, पाहून या." जेवत होती. मला मधल्या खोलीत, पोत्यांच्या जागी, खुर्ची मिळाली. एका बाजूला साडूबुवा, दुसऱ्या बाजूला अक्का.

"भाऊजी, ह्यांले सांगा, चहा निवून राह्यला."

"भाऊ, तिले सांगा, साखर कमी आहे."

मी दोन्हीकडे 'हं' करत होतो. बी. ए. पर्यंत शिकून मी बेबीच्या जागेवर लागलो होतो. चहा संपता संपता माझ्या डोक्यात उजेड पडला. ओढ दिसायची तर मधे काही असता कामा नये, आणि मधे तर मी होतो, पोत्यासारखा, चहा पीत. मी उठलो. यवतमाळची बस आत्ताच आहे, म्हणालो. नव्हती.

ओसरीवर एक वहाण सापडली, दुसरी बाकाखाली गेली होती. वाकलो. आत कपात चमचा एकदा वाजला. मग काही नाही. मग आणखी काही नाही.

"ऊन येऊन राह्यलं तुमच्या अंगावर," आतून अक्का म्हणाली. कुणाला सांगायला सांगितलं नाही. "जरासे इकडे सरका."

आणि मग फरशीवरून खुर्ची सरकल्याचा आवाज, अगदी थोडा.

बाक हलवला असता तर आत ऐकू गेलं असतं. मी एक वहाण हातात घेतली आणि अनवाणी स्टँडवर जाऊन बसलो. घरी बायकोनं विचारलं, दुसरी कुठं आहे? म्हटलं, पोकळीत गेली.

आता ते दोघंही नाहीत. वणीचं नाव निघालं की अजून माझे तळवे पोळतात, आणि मी नकळत बायकोच्या बाजूला जरासा सरकतो.