विलासकाकांचा बॉइल आणि आमचा श्रावण

आणि गेलात तेही नेमके श्रावणात, काका!

म्हणजे आता दर वर्षी हेच होणार. तुमचा दिवस येणार, मी मोठं पातेलं काढणार आणि ग्रुपवर एकेक जण टाकणार, "सॉरी यार, श्रावण आहे."

आज विलासकाकांना जाऊन वर्ष झालं.

तिथीचं श्राद्ध काकूंनी आधीच केलं. गुरुजी व्हिडिओ कॉलवर, खीर, वडे, सगळं व्यवस्थित. आज तारीख. "तारीख माझी," असं मी काकूंना सांगून ठेवलं होतं.

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी. इथे ओहायोत, डब्लिनमध्ये राहायचे. मूळ रेवदंड्याचे, मग बरीच वर्षं लुइझियानात नोकरी. तिथून येताना प्रोपेनचा बर्नर घेऊन आले आणि केजन सीफूड बॉइल शिकून आले.

बॉइल म्हणजे ड्राइव्हवेवर हे एवढं पातेलं. पाण्यात तिखट मसाला, लिंबं, लसणाचे अख्खे गड्डे. आधी बटाटे, मग सॉसेज, मका, खेकडे. कोळंबी अगदी शेवटी.

मग टेबलावर कागद पसरायचा आणि सगळं त्यावर ओतायचं. प्लेट नाही, चमचा नाही. डायरेक्ट हात.

मास्टर्सला आले त्या पहिल्याच महिन्यात एक सीनियर मला तिकडे घेऊन गेली होती. मी कोणालाच ओळखत नव्हते.

"कुठली गं तू?"

"ठाण्याची."

"खेकडा फोडता येतो ना? की तोही इंग्लिश मीडियममध्ये गेला?"

झालं. त्या दिवसापासून मी त्यांची असिस्टंट.

काकांचा एक फिक्स नियम होता. नारळी पौर्णिमेला घराजवळच्या नदीत नारळ सोडायचा आणि त्याच वीकेंडला बॉइल.

काकू पुण्याच्या, प्युअर व्हेज. दर वर्षी तोच डायलॉग.

"अहो, श्रावण संपला नाहीये अजून."

"तुमचा नसेल. आमच्याकडे समुद्राला नारळ दिला की मासे सुरू."

"हा समुद्र आहे?"

"हेच पाणी पुढे लुइझियानाला जाऊन समुद्राला मिळतं. मॅप बघ."

मी खरंच मॅप बघितला होता. मिळतं!

आणि लोक यायचे हो. सगळे यायचे. पुण्याचे, नागपूरचे, श्रावण पाळणारे, न पाळणारे. काका आधी थोडं मसाल्याचं पाणी वेगळ्या पातेल्यात काढायचे, त्यात व्हेजवाल्यांचे बटाटे आणि मका. कुणाला काही विचारावंच लागायचं नाही.

पण खरं सांगू? त्या व्हेज पातेल्याकडे काकू आणि दोन-तीन जण सोडून कोणी फिरकायचं नाही.

बाकी सगळे कोपरापर्यंत मसाल्यात. श्रावणात!

मागच्या वर्षी काका नारळी पौर्णिमेच्या आधीच गेले. हार्ट. बॉइलची तयारी गॅरेजमध्ये तशीच पडून राहिली.

म्हणून या वर्षी करायचाच होता मला. त्यांच्याच ड्राइव्हवेवर, त्यांच्याच बर्नरवर, त्यांच्या दिवशी. पौर्णिमाही होऊन गेलीये. म्हणजे काकांच्या हिशोबाने मासे सुरू!

सकाळपासून मेसेज.

"आईने विचारलं तर खोटं नाही बोलता येणार."

"आम्ही या वर्षीपासून स्ट्रिक्टली पाळतोय."

"गणपतीनंतर ठेव ना, नक्की येऊ."

अरे, काका होते तेव्हा कुठे होता तुमचा श्रावण? माझ्याकडे फोटो आहेत सगळ्यांचे!

शेवटी आलो आम्ही मोजून चौघं. त्यात निखिल, आमच्या ग्रुपमधला सगळ्यात खादाड. तो आला आणि सरळ व्हेज पातेल्यापाशी जाऊन उभा राहिला.

"तू पण?"

"अगं, आईला कळलं तर नागपूरहून व्हिडिओ कॉलवर आंघोळ घालेल मला."

"दोन वर्षांपूर्वी नाही घातली ती?"

"दोन वर्षांपूर्वी काका होते ना यार. काकांना नाही कोण म्हणणार?"

त्याला उत्तर द्यायच्या नादात कोळंबीकडे लक्षच राहिलं नाही. कोळंबी टाकली की दोन मिनिटांत गॅस बंद, झाकण लावून मसाल्यात मुरू द्यायची. काकांनी शंभरदा सांगितलं होतं. मी ती उकळतच ठेवली.

रबर. शुद्ध रबर.

व्हेज पातेलं चाटूनपुसून साफ. आणि माझी कोळंबी कागदावर ढीग लावून पडलेली. रडायलाच आलं मला. काकांचं म्हणून जे होतं, तेच मी वाया घालवलं.

काकू बाहेर आल्या. मक्याचं कणीस उचललं, एक घास खाल्ला.

"मीठ कमी आहे."

मी मिठाचा डबा शोधायला लागले.

"ह्यांचंही कमीच असायचं. मी कधी बोलले नाही, पुन्हा पातेलं मांडून बसले असते."

मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या.

"लोकांवर चिडू नकोस गं. हे समोर उभे असले की कुणाला श्रावण आठवायचा नाही. तू प्रेमाने विचारतेस, म्हणून नाही म्हणता येतं. पुढच्या वर्षी श्रावण संपू दे, मग ठेव. सगळे येतील. ह्यांना गर्दी लागायची."

"पण काकू, दिवस तर आजचा आहे ना."

"ते तू ठरव. बर्नर तुझ्याकडेच ठेव."

बर्नर आत्ता माझ्या गाडीच्या डिकीत आहे. अपार्टमेंटच्या बाल्कनीत तो लावायची परवानगी नाही, तो वेगळाच वैताग.

मी अजून चिडलेलीच आहे. लोकांवर, कोळंबीवर, आणि काका, थोडी तुमच्यावरही. एवढी काय घाई होती?

खूप आठवण येते, काका. जिथे असाल तिथे पोटभर जेवा.

आणि बाकीच्यांनो, जे आले नाहीत त्यांनीसुद्धा, मनापासून सांगा. पुढच्या वर्षी काय करू? काकांच्या दिवशी चौघांतच करू, की दिवस सोडून देऊ आणि तुम्हा सगळ्यांना बोलावू?