'आई' म्हणणारा कोण होता?

मी आठवीत शाळा सोडली, लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आमच्या घरी बुद्धवंदना होते, अंगारे-धुपारे नाही. पण हे मनातून जातच नाही…

मारेगाव तालुक्यात वर्धा नदीच्या काठावर आमची अकरा घरांची वस्ती. उन्हाळ्यात नदी आटली की रेतीत डांगरवाडी लावतात, म्हणजे टरबूज-खरबुजाचे वेल. आमची वाडी माय एकटीच सांभाळते. मी इकडे चाकणला कंपनीत.

वस्तीत सगळे 'माय'च म्हणतात. मी मात्र इथल्या पोरांचं ऐकून फोनवर 'आई' म्हणायला लागलो. झालं! शेजारच्या शेवंताकाकू स्पीकरवर ऐकून हसायच्या — "काय व, लेक तुहा सायेब झाला वाट्टे!" मला लाज वाटली. दिवाळीपासून परत 'माय'वर आलो.

एप्रिलमधली गोष्ट. दुपारचे दोन. माय नदीत वेलांना पाणी घालत होती. काठावरून हाक आली — "आई, वर ये!" तिला कधी 'आई' म्हटलं असेल तर मीच. बादली तिथेच टाकून ती वर चढली. बाभळीखाली फक्त काकू बसलेल्या.

"माहा लेक कुठी हाय?"

"तो त चाकणले हाय. ऊन लागलं का व तुले?"

"आत्ताच हाक मारली ना त्यानं!"

"मले त काही आयकू नाही आलं."

दोघी भांडतच होत्या… आणि पाणी आलं. वरच्या कुठल्या तरी धरणातून सोडलेलं, आमच्या वस्तीला निरोपच नाही. माय मघाशी जिथे उभी होती तिथे बघता बघता छातीभर पाणी. वाडी गेली, बादली गेली.

शिफ्ट सुटल्यावर लॉकरमधून मोबाईल काढला तर मायचे नऊ मिस कॉल. लावला. पहिलाच प्रश्न — "काहून बे, आला अन् न भेटताच गेला?"

"माय, मी कामावर होतो."

"आवाज तुहाच होता बापू. मी का वळखत नाही?"

दोन वाजता मी मशीनवर पार्ट लावत होतो. मायची आठवणही नव्हती, खरं सांगतो… तेच जास्त टोचतं. आणि मी हाक मारली असती तर 'माय' म्हणालो असतो. मग मी सोडून दिलेला तो शब्द कोणी उचलला?

जो कोणी होता त्याचे लई उपकार आहेत, पण हात जोडायचे कोणाला तेच कळत नाही.

आता फोनवर 'माय' म्हटलं की ती गप्प राहते. 'आई' म्हटलं की ओ देते. काकूही हसत नाहीत.