कापडी भिंतीमागची

कॉलेजच्या नाटकात सेट तिच्याकडे होता. ती चाकणजवळच्या गावातली. वडिलांचे कंपनीतले सेफ्टी शूज घालून तालमीला यायची. ते तिला मोठे व्हायचे, त्यामुळे ती येतेय हे दिसण्याआधी ऐकू यायचं. आज त्या नाटकातला एकही संवाद मला आठवत नाही, तो आवाज मात्र आठवतो.

आम्हाला ती एकच गोष्ट बजावायची, "राव, भिंतीला टेकू नका. दिसती भिंत, पण हाय कापडाची." दिग्दर्शकाच्या मते ती भिंत व्यवस्थेचं प्रतीक होती. तिच्या मते ती मागच्या दोन तिरक्या लाकडी पट्ट्यांवर उभी होती.

प्रयोगात नायक पहिल्याच प्रवेशात दार आपटून घराबाहेर पडला आणि एक पट्टी निखळली. भिंत डुलली. ती पडली असती तर आमच्या शोकांतिकेचा तिथेच फार्स झाला असता. खिळा ठोकावा तर आवाज होणार. तिने धावत जाऊन भिंतीला पाठ लावली आणि उरलेलं नाटक ती तशीच उभी राहिली. पुढे रंगमंचावर जे जे रडले, ते तिच्या भरवशावर रडले.

शेवटी दिग्दर्शकाने मोठ्या मनाने बॅकस्टेजच्या मंडळींनाही पुढे बोलावलं. मी विंगेतून कुजबुजलो, "अगं, चल की!"

"मी आले तर घर बी येईल संगं," ती म्हणाली. "तू जा, भावा."

मी गेलो. दिग्दर्शक संघभावनेवर बराच वेळ बोलला. तेवढा वेळही तिने घर धरून ठेवलं.