कापसाची जाळी

आईच्या पोटातली प्लास्टिकची जाळी सडली, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. ‘इन्फेक्शन झालंय’ म्हणाले. पण त्या जागेतून पू यायचा, तो रोज मीच पुसत होते, त्यामुळे मला कळायचं ते कळलं. हर्नियासाठी सात वर्षांपूर्वी बसवलेली ती जाळी आता काढायलाच हवी होती. उशीर केला तर आतडं अडकेल, मग धावपळ करूनही उपयोग नाही, हेही त्यांनी सांगितलं.

आई तेव्हा स्कॅनला आत गेली होती. केबिनमध्ये मी एकटीच. डॉक्टर म्हणाले, ‘‘पू असताना पुन्हा प्लास्टिक नको. बायोलॉजिक मेश घालू. डुकराच्या कातडीतून सगळ्या पेशी धुऊन काढतात, उरते ती जाळी. तिच्या आधाराने शरीर स्वतःचं मांस भरतं. आईंना समजावून सांगा, उद्या मीही बोलेन.’’

डुकराची! बाबा गेल्यावर आईने माळ घातली. आयुष्यभर बांगडे-तारल्यांवर जगलेली मालवणी बाई, पण त्या दिवसापासून अंड्याचा केकसुद्धा तोंडात घालत नाही. ती नाही म्हणाली तर?

घाटकोपरला घरी येताना रिक्षात तिने विचारलं, ‘‘ही नवी जाळी कसली गो?’’

‘‘नैसर्गिक असते.’’

‘‘म्हणजे कापसाची?’’

‘‘हो,’’ मी म्हणाले. बस्स, एवढंच. आईने घरी पोचताच शेजारणीला कौतुकाने सांगितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई हिरव्या गाऊनमध्ये खाटेवर बसली होती. डॉक्टर फॉर्म घेऊन आले. ‘‘आजी, मुलीने सांगितलंय ना? डुकराच्या कातडीपासून केलेली जाळी घालतोय. चालेल?’’

आईने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला वाटलं, आता उठून चालायला लागेल, आणि मीच हिचा जीव घेतला असं होईल.

‘‘माका बुवांक विचारूचा होता,’’ ती म्हणाली. बुवा म्हणजे तिला माळ घालणारे, भांडुपचे. फोन लावला, स्विच ऑफ. बाहेर वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन उभा. आईने माळ काढली, माझ्या हातात ठेवली आणि डॉक्टरांना विचारलं, ‘‘सही खंय करूची?’’

तीन तास मी देवाची माफी मागितली. आईची मागायची हिंमत नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी बुवा स्वतः आले. ‘‘अहो, औषधाला कसला विटाळ? आधी विचारलं असतंत तर फोनवरच सांगितलं असतं,’’ म्हणत त्यांनी माळ परत तिच्या गळ्यात घातली. मी म्हटलं, सुटले गं बाई!

कसली सुटतेय! घरी सोडलं त्या संध्याकाळी गोळ्या आणायला आम्ही खालच्या मेडिकलमध्ये थांबलो. मी पाकिटं आईच्या हातात दिली. ‘‘ही जेवणानंतरची, ही झोपताना,’’ मी सांगितलं.

आईने मान हलवली. मग तीच पाकिटं काउंटरवर ठेवली आणि दुकानदाराला विचारलं, ‘‘भाऊ, ह्यात काय काय आसा, तुम्ही सांगा.’’