जूनमध्ये वर काढलेली बोट

१६ ऑगस्ट २०२३, पहाटे पाच वाजून वीस मिनिटे. या वेळी मी बोटीवरची ओली गोणपाटे उचलली आणि फळ्यांचे सांधे बोटांनी तपासायला घेतले. खालचे सांधे मिटले होते. वरच्या तीन सांध्यांत अजून करंगळीचे नख जात होते.

अमावस्येची भरती दहाच्या सुमारास होती. त्या भरतीत बोट तरंगली नाही, तर दुपारनंतर यंत्र येऊन ती मोडणार होते. मस्कतपासून तासाभरावरच्या या खाडीचा काठ दगडांनी बांधून काढायचा होता आणि वाळूवरच्या बोटी हलवण्याची नोटीस दहा दिवसांपूर्वी लागली होती. मधल्या भरत्या लहान होत्या. पाणी आमच्या जागेपर्यंत पोचत नव्हते. ट्रकवर चढवावी, तर सांधे सुटलेली बोट दोन पट्ट्यांवर उचलली की तिचा कणा वाकतो. म्हणून एकच दिवस हाती होता.

बोट सव्वीस फुटांची, लाकडी, उथळ तळाची. खाडीत आणि किनारा धरून चालवायची. एकोणीस वर्षांपूर्वी मी आणि माझ्या सोबत्याने ती मिळून घेतली. मी मस्कतच्या वादी कबीर भागातल्या एका वर्कशॉपमध्ये इंजिनफिटर. तो एका हॉटेलात सुतार. दोघेही वसईचे, एकाच चर्चचे. वाटणी पहिल्या आठवड्यात ठरली: लाकूड त्याचे, इंजिन माझे. एकाने दुसऱ्याच्या कामात बोट घालायचे नाही. ही वाटणी चांगली आहे असे मी अनेकांना सांगत आलो. आता सांगत नाही. दोघांच्या बोटीत दोघांनाही सगळे यावे लागते, कारण दोघेही एकाच दिवशी मरत नाहीत.

तो मरण पावलेला नाही. त्याची मूत्रपिंडे निकामी झाली आणि मार्चमध्ये तो कायमचा वसईला गेला. आठवड्यातून तीनदा त्याचे रक्त यंत्रातून फिरवावे लागते. जाताना त्याने लाकूडकामाची हत्यारे मला दिली. सूचना दिल्या नाहीत. मी मागितल्याही नाहीत.

इंजिनाविषयी मी अधिकाराने सांगू शकतो. खाऱ्या पाण्यावर थंड होणारे इंजिन प्रत्येक फेरीनंतर दहा मिनिटे गोड्या पाण्यावर चालवावे. रबरी नळ्या चांगल्या दिसत असल्या तरी दोन उन्हाळ्यांनी बदलाव्यात. इथले ऊन त्यांना आतून खाते. बोट ढकलणाऱ्या, पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याभोवतून थेंब थेंब पाणी आत येते ते येऊ द्यावे. ते पूर्ण थांबवायला जो नट आवळतो, तो दांडा जाळतो. गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा ठोकळा निम्मा झिजला की बदलावा. हे सगळे मी एकोणीस वर्षे केले आणि इंजिनाने मला एकदाही वाटेत सोडले नाही.

लाकडाविषयी मला एवढेच माहीत होते, की आमच्याकडे पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारतात आणि ऑगस्टात पुन्हा पाण्यात ढकलतात. माझ्या वडिलांनी तेच केले, चुलत्यांनीही. ओमानमध्ये आमची बोट उन्हाळ्यात काय करते, हे मी कधी पाहिलेच नव्हते. मुलांच्या शाळेमुळे आमची सुट्टी नेहमी जून-जुलैत, आम्ही वसईला. तो नाताळात जायचा. मुले शिकून परदेशी गेली तरी सवय राहिली. गेल्या वर्षी पत्नी वारली. यंदा मी गेलो नाही. जूनच्या पहिल्या शुक्रवारी वर्कशॉपमधली सहा माणसे आणि साखळीची कप्पी घेऊन मी बोट वर ओढली.

शेजारी एका म्हाताऱ्या ओमानी कोळ्याची बोट असते. मुंबईच्या फेऱ्या केलेला माणूस; हिंदी माझ्यापेक्षा बरी बोलतो. तो सावलीत बसून बघत होता.

"क्यों निकाला?"

"आमच्याकडे या महिन्यात काढतात," मी हिंदीत सांगितले.

"तुम्हारे उधर बारिश है. इधर क्या है?" त्याने आकाशाकडे हात केला. "सदीक, मेरे दोस्त, ये लकडी है, खजूर नहीं. सुखाने से मीठी नहीं होती."

माझी माणसे हसली. मी हसलो नाही. बापजाद्यांपासून होड्या बाळगणाऱ्या घरचा आहे, असे मी त्याला ऐकवले.

"बाप को बुला," तो म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

वसईत पावसाळ्याची हवा ओली असते. शाकारलेल्या होडीचे लाकूड आत आकसत नाही. इथल्या जूनमध्ये तीन आठवड्यांत फळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसू लागला. तेव्हा समजले, की माझा सोबती बोट फक्त जानेवारीत दोन आठवडे रंगासाठी वर का घ्यायचा आणि बाकी वर्षभर पाण्यात का ठेवायचा.

तो दर रविवारी फोन करायचा. बोटीखेरीज त्याच्याकडे विचारण्यासारखे फारसे उरले नव्हते.

"पाणी घेते का?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती? तू इंजिनवाला. तुला बादलीभरही थोडंच वाटतं."

"अर्धी बादली. दिवसाला."

"मग ठीक आहे. डिसेंबरात डॉक्टरने सोडलं तर दोन आठवडे येतो. एकदा बाहेरच्या खडकापर्यंत जाऊ."

बोट वाळूवर उभी असताना मी हे अकरा रविवार सांगत राहिलो. डिसेंबरपर्यंत ती दुरुस्त होईल आणि त्याला कळणार नाही, असा माझा हिशोब होता.

दुसरी चूक जुलैमधली. सांधे उघडे दिसले, म्हणून मी तेलात भिजवलेला कापूस त्यांत ठोकला. घट्ट ठोकला. इंजिनाच्या कामात सैल ठेवणे हा गुन्हा असतो आणि माझ्या हाताला दुसरी रीत ठाऊक नव्हती. नोटीस लागल्यावर गोणपाटे पसरून आठ दिवस सकाळ-संध्याकाळ खाडीचे पाणी ओतले. खारेच, कारण गोड्याने लाकूड कुजते. खालचे सांधे मिटले तेव्हा मला समाधान वाटले. फळ्या फुगत होत्या आणि कापसाने भरलेल्या सांध्यांत त्यांना फुगायला जागा नव्हती. त्या खिळ्यांवर जोर देत होत्या. हे बाहेरून दिसत नाही.

१६ तारखेला सकाळी वरच्या सांध्यांना पुट्टी भरली. पावणेदहाला पाणी कण्याखाली आले. वर्कशॉपमधले तिघे आणि तो ओमानी म्हातारा, अशा चौघांनी ढकलले. बोट उचलली गेली. मी इंजिन सुरू केले. पहिल्याच हँडलला लागले. वरच्या सांध्यांतून पाणी आले, पंपाने ते खेचले. म्हातारा काठावरून म्हणाला, "चलो, बाप आ गया तेरा."

पंधरा मिनिटे ती तरंगली. मग डाव्या बाजूची, खालून चौथी फळी हातभर लांबीत बाहेर निघाली. आवाज झाला तो खिळे उपटल्याचा. पंपाचे काम संपले. मी नाक काठाकडे वळवले आणि छातीभर पाण्यात ती बसली. इंजिन बुडेपर्यंत चालू होते.

काठबांधणीवरचा मुकादम तरुण ओमानी होता, नम्र. त्याने पायजमा भिजू न देता अंतरावरून विचारले, "अंकल, और टाइम चाहिए?"

"किती देऊ शकता?"

त्याने घड्याळ पाहिले. "मशीनवाला साढे तीन के बाद आएगा. उसके पहले धूप में काम मना है."

ही बंदी मजुरांसाठी होती, म्हणून मी तिघांनाही सावलीत पाठवले. ओहोटी लागली तसे मी एकटाच आत शिरून इंजिनाचे बोल्ट सोडू लागलो. थोड्या वेळाने म्हातारा पाना घेऊन आत आला. मागच्या बोल्टांना त्याने पाना लावला. जूनमध्ये जे बोलायचे ते बोलून झाले होते. साडेतीननंतर तिघांच्या मदतीने तीन वाशांच्या तिकाटण्यावरून इंजिन पिकअपमध्ये चढवले. चार वाजता यंत्र आले. लाकूड कोरडे नव्हते, तरी ते मोडायला वीस मिनिटे पुरली.

पिकअपमध्ये बसलो असताना फोन वाजला. रविवार नव्हता. माझा सोबती नुकताच रुग्णालयातून घरी आला होता.

"आज अमावस्या. पाणी मोठं असेल. दोर ढिले केलेस ना?"

"बोट गेली," मी म्हणालो.

"कुठं गेली?"

"मोडली. जूनमध्ये मी वर काढली होती."

"वर? जूनमध्ये?"

"हो."

"आणि मला अर्धी बादली सांगत होतास."

"हो."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. त्याची बायको काही विचारत होती. त्याने तिला थांब म्हटले.

"कापूस कोरड्यात ठोकलास?"

"हो."

"मग फळी उडाली असणार. खालून चौथी. ती आधीपासूनच नाजूक होती."

"डावीकडची."

"डावीकडचीच. एक फोन करायचा होतास रे. मी इथं काय करतो दिवसभर? छताकडे बघतो."

डिसेंबरविषयी तो बोलला नाही, मीही नाही.

"इंजिन?" त्याने विचारले.

"काढलं. मागे आहे."

"पाणी गेलंय आत?"

"गेलंय."

"किती वेळ झाला?"

"सहा तास."

"मग माझ्याशी काय बोलत बसलायस? जा." त्याने फोन ठेवला.

बुडालेले इंजिन त्याच दिवशी धुवावे लागते. रात्रभर ठेवले तर सिलिंडर गंजतो आणि पिस्टन अडकतो. साडेपाचला वर्कशॉपमध्ये ते बाकावर घेतले. माणसांना घरी पाठवले. इंधनाचे नोझल काढून हाताने चाक फिरवले; पाणी बाहेर फेकले गेले. गोड्या पाण्याने धुतले, मग डिझेलने. खालचे तेल सोडले. ते दुधासारखे पांढरे होते. नवे भरले, चाक फिरवले, पुन्हा सोडले. तिसऱ्या वेळी तेल तेलासारखे दिसले. सिलिंडरमध्ये वरून तेलाची वाटी ओतली, चाक आणखी वीस वेळा फिरवले, नोझल परत बसवले आणि दमट हवा आत जाऊ नये म्हणून हवेच्या नळीच्या तोंडात तेलात भिजवलेली चिंधी कोंबली. असे ठेवलेले इंजिन डिसेंबरपर्यंत सहज टिकते.