संरक्षित

संरक्षित हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो नंदुरबारकडच्या आमच्या गावाबाहेर, जंगलखात्याच्या पाटीवर. ‘संरक्षित वन. आत जाण्यास मनाई.’ आठवीत शाळा सुटली. त्यानंतरचं माझं वाचन असल्या पाट्यांचंच.

नागपुरात सूतगिरणीत लागलो ते युनियनच्या काकांमुळे. पहिले काही महिने जेवूही त्यांनीच घातलं. त्यामुळे कार्यकारिणीत ये म्हणाले तेव्हा मला नाही म्हणवलं नाही. तेवढ्यात पगारवाढीचा वाद कामगार कार्यालयात गेला. आता पहिला मीच घरी जाणार, ही धास्ती बसली.

“काहून भेऊन राहिला गा?” काका म्हणाले. “कार्यकारिणीत आला म्हंजे तू आता संरक्षित कामगार हायेस. वाद चालू हाय तोवर, त्या कार्यालयाची परवानगी घेतल्याबिगर तुले कोणी काढू शकत नाही. कायदा हाय तसा.”

खरंच काढलं नाही. मशीन तेवढी काढून घेतली. जुन्या गोदामाच्या दाराशी एक स्टूल दिलं. हजेरी लागायची, पगार यायचा, काम नाही. माझ्याशी कोणी बोलताना दिसला की त्याची पाळी बदलायची. मग माणसं रिकाम्या स्टुलावरून नजर जावी तशी माझ्यावरून नजर नेऊ लागली. माझ्या शेजारचा मशीनवाला एकदा लांबूनच ओरडला, “मजा हाय बे तुही! बसून पगार खाऊन राहिला!” हसला, आणि लगेच सुपरवायझर कुठे आहे ते त्यानं पाहिलं.

कधी कधी मी उगाच खोकायचो. कोणी वळून बघतं का, म्हणून.

काकांनी त्याचीही तक्रार केली. युनियनचा माणूस म्हणून कामावरून असं बाजूला बसवणंही कायद्यात बसत नाही, हे त्यांनी तारखांना जाऊन जाऊन मांडलं. मशीन परत मिळाली. मी पाया पडलो, तर म्हणाले, “माह्या काय पाया पडतो बे? धागा तुटला तिकडे, तो पाह्य.”

त्याच दुपारी शेजारचा मशीनवाला डबा घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. कित्येक दिवसांनी कोणी इतकं जवळ बसलं होतं. त्यानं लोणच्याची एक फोड माझ्या डब्याच्या झाकणात ठेवली. माझी नजर आधी दाराकडे गेली.

“तिकडे बस,” मी पुटपुटलो. “पाळी बदलतील तुझी.”

 तो डबा उचलून गेला. लोणच्याची फोड माझ्या झाकणात तशीच होती.